बौद्ध आणि ख्रिस्ती: फरक फक्त देव मानण्या-न मानण्याचा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ख्रिस्ती आहात, तुमची जवळची मैत्रीण बौद्ध आहे. ती रोज सकाळी ध्यानाला बसते आणि तुम्हालाही शिकवायला तयार आहे. दोन्ही धर्म प्रेम, करुणा आणि क्षमाच शिकवतात, असं तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. मग तुम्ही देव मानता आणि ती मानत नाही, एवढाच फरक आहे का? आणि ध्यान शिकलात तर तुमच्या श्रद्धेला बाधा येईल का?

मी बावीस वर्षं तुलनात्मक धर्म हा विषय शिकवते आहे. शिबिरांत राहून ध्यान शिकले आहे आणि ख्रिस्ती मठांतल्या पहाटेच्या प्रार्थनांनाही अनेकदा बसले आहे. त्यावरून मला असं वाटतं की तुमच्या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी तिसराच प्रश्न आहे: माणसाचं नेमकं बिघडलंय काय, आणि ते दुरुस्त कोण करणार? याला दोन धर्मांनी दिलेली उत्तरं वेगळी आहेत. देवाचा मुद्दा त्यातूनच येतो आणि प्रार्थना व ध्यान यांतलं अंतरही त्यातूनच पडतं.

आधी एक गोष्ट मान्य करते. कोणता बौद्ध आणि कोणता ख्रिस्ती, यावर बरंच अवलंबून आहे. थेरवाद पाली तिपिटकाला, म्हणजे पाली भाषेतल्या बौद्ध ग्रंथसंग्रहाला, धरून चालतो. महायानात सगळ्यांना पार नेईपर्यंत थांबणारा बोधिसत्त्व आदर्श मानला जातो. वज्रयानात गुरू, मंत्र आणि देवतांचं ध्यान येतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, तिथून सुरू झालेल्या नवयानात दुःखाचा विचार सामाजिक अन्यायासह होतो. तिकडे कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स सात संस्कार, म्हणजे चर्चचे पवित्र विधी, मानतात, बहुतेक प्रोटेस्टंट बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच. तुमची मैत्रीण यांपैकी कुठल्या परंपरेतली हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी मुख्यतः पाली परंपरेवरून बोलते. ख्रिस्ती बाजूला, 325 सालच्या नायसियाच्या परिषदेपासून आकाराला आलेला आणि प्रमुख पंथांना मान्य असलेला मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची सूत्ररूप कबुली, धरते.

आता देवाबद्दल. बौद्ध धर्मात देव नाहीत, असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. पाली सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांत, देवांची वर्दळ आहे. दीघनिकाय या सुत्तसंग्रहातल्या केवट्ट सुत्तात एक भिक्खू ‘ही चार महाभूतं निःशेष कुठे मावळतात?’ हा प्रश्न घेऊन एकेका देवलोकात जातो. शेवटी महाब्रह्मा भेटतो आणि म्हणतो, मी ब्रह्मा, महाब्रह्मा, कर्ता, निर्माता. भिक्खू म्हणतो, ते मी विचारलंच नाही. तिसऱ्यांदा हेच झाल्यावर ब्रह्मा त्याचा दंड धरून त्याला बाजूला नेतो आणि सांगतो की हे देव मला सर्वज्ञ समजतात, म्हणून त्यांच्यासमोर बोललो नाही. मलाही उत्तर माहीत नाही, तू बुद्धांकडेच परत जा. म्हणजे देव आहेत, पण तेही जन्ममरणाच्या फेऱ्यातच आहेत आणि तुम्हाला त्यातून सोडवणं त्यांच्या हातात नाही. ख्रिस्ती श्रद्धेतला देव या रांगेत बसतच नाही. त्याने शून्यातून सृष्टी केली, तो माणसाला नावाने हाक मारतो आणि येशूच्या रूपाने स्वतः माणूस झाला. तेव्हा तुमची मैत्रीण ‘देव मानत नाही’ म्हणते, तेव्हा ती नेमकं काय नाकारते आणि कशाशी तिला फक्त कर्तव्य नाही, हे तिलाच विचारून घ्या.

मूळ फरक समजवायला मी वर्गात नेहमी दोन आया समोर ठेवते.

पहिली किसा गोतमी. तिची गोष्ट धम्मपद या बुद्धवचनांच्या संग्रहाच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या टीकाग्रंथात, आहे. चालायला लागलेलं एकुलतं पोर मरतं. ते कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत फिरते. कुणीतरी तिला बुद्धांकडे पाठवतं. बुद्ध म्हणतात, चिमूटभर मोहरी आण, मात्र ज्या घरात कधी कुणी मेलेलं नाही अशा घरातूनच. ती पहिल्या घरी जाते. मोहरी घरोघर आहे. पण ‘आमचा मुलगा गेला’, ‘आमची आई गेली’ हेही घरोघर ऐकू येतं. शेवटी ती पोराला स्मशानात ठेवून परत येते आणि संघात प्रवेश मागते.

दुसरी नाईन गावची विधवा, लूकच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायातली. तिचाही एकुलता एक मुलगा. वेशीतून प्रेतयात्रा बाहेर पडते आहे आणि समोरून येशू येतो. तिने काही मागितलेलं नाही, येशू कोण हे तिला ठाऊक आहे असंही लूक लिहीत नाही. तिला पाहून येशूला कळवळा येतो. मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलेला आहे, आपण आतडं तुटणं म्हणतो तसाच. तो म्हणतो, ‘रडू नकोस’, तिरडीला हात लावतो, खांदेकरी थांबतात. ‘तरुणा, मी तुला सांगतो, ऊठ.’ मुलगा उठून बसतो, बोलायला लागतो, आणि येशू त्याला त्याच्या आईच्या हाती देतो.

या गोष्टी एकापाठोपाठ वाचल्या की वर्ग हमखास दोन गटांत विभागतो. एक गट म्हणतो, येशूने मुलगा परत दिला, बुद्धांनी काहीच दिलं नाही. दुसरा म्हणतो, बुद्धांनी सत्य सांगितलं, येशूने चमत्कार केला. मला दोन्ही निवाडे अन्यायाचे वाटतात. बुद्धांनी गोतमीला आधी उपदेश केला नाही. तिला माणसांत पाठवलं. दुःखात ती एकटी पडली होती, आणि घरोघर फिरताना तिला कळलं की हे साऱ्यांचंच आहे. तिकडे नाईनचा तो मुलगा पुढे कधीतरी पुन्हा मेलाच असणार, हे ख्रिस्ती वाचकालाही माहीत असतं. त्याच्यासाठी ती घटना खूण आहे: मरण ही शेवटची गोष्ट नाही आणि देव ते तसंच चालू देणार नाही.

बौद्ध दृष्टीने मरण हा कुणी केलेला अन्याय नाही. जे जे उत्पन्न झालं ते ते नष्ट होणार. दुःख येतं ते ‘माझं’ म्हणून घट्ट धरण्यातून, तृष्णेतून, आणि तृष्णेच्या मुळाशी अविद्या असते, म्हणजे गोष्टी जशा आहेत तशा न दिसणं. चार आर्यसत्यांची मांडणी वैद्यासारखी आहे: रोग, कारण, बरं होण्याची शक्यता, उपचार. उपचार म्हणजे अष्टांगिक मार्ग, आणि त्यावरून चालायचं रुग्णानेच. ख्रिस्ती दृष्टीने मरण हा शत्रू आहे. येशूचा प्रेषित पौल त्याला ‘शेवटचा शत्रू’ असंच म्हणतो. माणूस आणि देव यांच्यातलं नातं तुटलंय, त्या तुटण्याला पाप म्हणायचं. तुटलेलं नातं एका बाजूने कितीही धडपड केली तरी जुळत नाही. दुसऱ्या बाजूने हात पुढे यावा लागतो. तो हात म्हणजे कृपा.

तुम्ही क्षमेचा उल्लेख केलात, तिथे हाच फरक आणखी ठळक दिसतो. अंगुलिमाल माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा. बुद्धांच्या भेटीनंतर तो बदलतो, भिक्खू होतो, अर्हत म्हणजे पूर्ण मुक्त होतो. त्यानंतर एकदा भिक्षेला गेलेला असताना त्याला दगड-काठ्या लागतात. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं, अशा अवस्थेत तो परततो. बुद्ध म्हणतात, ‘सहन कर, ब्राह्मणा, सहन कर.’ ज्या कर्माचं फळ नरकात दीर्घकाळ भोगावं लागलं असतं, ते तो इथेच भोगतो आहे. त्याचं मन पूर्ण मुक्त झालं आहे, तरी केलेल्या कर्माचा हिशेब कुणी खोडलेला नाही. खोडणारा कुणी नाहीच. आता येशूबरोबर क्रुसावर खिळलेला गुन्हेगार आठवा. त्याच्याकडे बदलून दाखवायला वेळच नाही. तो एवढंच म्हणतो की तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण ठेव. उत्तर येतं, ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ बौद्ध परंपरेत क्षमा आहे, ती एका माणसाने दुसऱ्यावरचं वैर सोडण्यात आहे. ‘वैराने वैर शमत नाही’ हे धम्मपदाच्या पहिल्याच वर्गात येतं. पण पापाची क्षमा करणारा कुणी तिथे बसलेला नाही.

संस्थापकाचं स्थानही यामुळेच वेगळं आहे. अंगुत्तरनिकाय या सुत्तसंग्रहात बुद्ध म्हणतात, तथागत (म्हणजे बुद्ध) जन्माला येवोत वा न येवोत, सर्व संस्कार, म्हणजे कारणांतून घडलेल्या गोष्टी, अनित्य आहेत हा नियम आहेच. तथागत तो शोधतात आणि उलगडून सांगतात. ऐंशीव्या वर्षी, अखेरच्या दिवसांत त्यांनी आनंद या शिष्याला सांगितलं ते ‘अत्तदीपा’ व्हा, म्हणजे स्वतःच स्वतःचे दीप व्हा, स्वतःलाच शरण जा, धम्माला शरण जा. उद्या कुणी सिद्ध केलं की सिद्धार्थ गौतमाच्या चरित्रातला बराच भाग नंतरचा आहे, तरी तुमच्या मैत्रिणीचं सकाळचं ध्यान थांबणार नाही. पौल मात्र करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला स्पष्ट लिहितो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. ख्रिस्ती श्रद्धा इतिहासात घडलेल्या एका घटनेवर उभी आहे. योहानच्या शुभवर्तमानात येशू ‘मी तुम्हाला मार्ग दाखवतो’ एवढ्यावर थांबत नाही. ‘मीच मार्ग’, असं तो म्हणतो.

आचरणाकडे येऊ. पंचशील आणि दहा आज्ञा यांत हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं हे समान आहे, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. वाक्यरचना पाहा. पंचशील म्हणणारा स्वतः बोलतो: ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’, प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचा शिक्षानियम मी स्वीकारतो. हा अभ्यास आहे, मोडला तर पुन्हा घ्यायचा. आज्ञांमध्ये देव माणसाशी बोलतो: ‘खून करू नको.’ आणि त्याआधी येतं ते ‘मी परमेश्वर तुझा देव आहे’. तिथे मोडतो तो केवळ नियम नसतो, कुणाचं तरी मन दुखावलेलं असतं. शिवाय पहिलं शील सगळ्याच प्राण्यांना लागू आहे, आणि मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं पाचवं शील दहा आज्ञांत नाही. उलट प्रभुभोजनात द्राक्षारसाला (वाइनला) मध्यवर्ती जागा आहे.

ध्यान आणि प्रार्थना यांतला फरक नुसता सांगून कळत नाही, म्हणून मी एक सराव घेते. ज्याच्यावर राग आहे अशा एका माणसाला मनात आणा. आधी दहा मिनिटं त्या माणसासाठी ख्रिस्ती पद्धतीने प्रार्थना करा. मग थोडं थांबून दहा मिनिटं तो राग बौद्ध पद्धतीने फक्त पाहा आणि शेवटी मैत्रीभावना करा, म्हणजे त्या माणसाचं भलं होवो अशी भावना मनात आणा. प्रत्येक भागानंतर काय झालं ते चार ओळींत लिहा. इतक्या वर्षांत शेकडो चिठ्ठ्या वाचल्या असतील. प्रार्थनेनंतरच्या चिठ्ठीत बहुतेक वेळा ‘तू’ येतो: तुला माहीत आहे तो माझ्याशी कसा वागला, तरी तू त्यालाही सांभाळ, माझं मन मऊ कर. ध्यानानंतरच्या चिठ्ठीत ‘तू’ सहसा नसतो. एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं: जबडा आवळलेला, छातीत ऊब, मग भाऊ आठवला, मग पुन्हा छाती, मग ऊब कमी. तिला वाटलं आपलं चुकलं, कारण यात काही पवित्र नव्हतं. मी तिला सांगितलं की सजगतेच्या सरावावरच्या सतिपट्ठान सुत्तात हेच करायला सांगितलं आहे. दीर्घ श्वास घेताना ‘दीर्घ श्वास घेतो आहे’ हे जाणायचं, मन रागाने भरलेलं असेल तर ‘मन रागाने भरलेलं आहे’ हे जाणायचं. कुणाकडे काही मागायचं नाही, कुणाला काही कळवायचंही नाही. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेची सुरुवातच ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी संबोधनाने होते, आणि तुझं नाव, तुझं राज्य, तुझी इच्छा अशी ती पुढे जाते. ऐकणारा कुणी नसेल तर त्या प्रार्थनेला अर्थच उरत नाही.

प्रेमाचंही असंच आहे. मैत्री सर्व प्राणिमात्रांवर सारखी पसरायची असते, आणि तिच्या जोडीला उपेक्षा असते, म्हणजे समतोल. ज्याच्यावर मैत्री करतो त्याला चिकटायचं नाही. ख्रिस्ती प्रेम चिकटतं. शंभरातलं एक मेंढरू हरवलं तर नव्याण्णव सोडून त्याच्यामागे जातं आणि त्यासाठी दुखावून घेतं. मला स्वतःला दोन्हीची गरज पडली आहे. आजारी माणसाची वर्षानुवर्षं सेवा करताना उपेक्षा नसेल तर माणूस मोडतो, आणि चिकटून राहणं नसेल तर सोडून जातो.

मरणानंतरच्या गोष्टी थोडक्यात सांगते. ख्रिस्ती माणसाला एकच आयुष्य, मग न्याय, आणि शेवटी देहासकट पुनरुत्थान. त्याचं ‘मीपण’ देवाजवळ टिकतं. बौद्ध परंपरेत कायम टिकणारा आत्माच मानलेला नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात नागसेन दिव्याचं उदाहरण देतो: रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? एकच नाही, आणि निराळीही नाही. निब्बाण म्हणजे तृष्णेचं विझणं. त्याला ‘बौद्धांचा स्वर्ग’ म्हणू नका. स्वर्गलोक त्यांच्याकडे वेगळे आहेत आणि तेही अनित्यच आहेत.

मी रेघ फार सरळ मारली, असं कुणी जाणकार म्हणेल, आणि ते खरं आहे. जपानमध्ये शिनरान (1173–1263) यांनी शिकवलं की स्वतःच्या बळावर मुक्ती साधू पाहणारा माणूस फसतो. अमिताभ बुद्धाच्या संकल्पावर विसंबून त्याचं नाव घ्यावं. सज्जनसुद्धा सुखावतीत, म्हणजे अमिताभाच्या शुद्ध भूमीत, जातो, मग दुर्जन तर जाईलच, असं त्यांचं प्रसिद्ध वचन आहे. हे ऐकून, तारण स्वतःच्या कर्माने नव्हे तर केवळ विश्वासाने मिळतं असं सांगणारा प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथर आठवतोच. तरी अमिताभ हा सृष्टिकर्ता नाही, तो पूर्वी धर्माकर नावाचा भिक्षू होता आणि साधनेने बुद्ध झाला. दुसऱ्या टोकाला, ऑर्थोडॉक्स मठांत श्वासाच्या लयीवर ‘प्रभू येशू ख्रिस्ता, माझ्यावर दया कर’ हे अखंड म्हणण्याची साधना शतकानुशतकं चालत आली आहे. बाहेरून पाहिलं तर तो साधक ध्यानालाच बसलेला दिसेल. पण त्याच्या श्वासावरही संबोधन आहे.

इथवर आल्यावर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. श्वासावर लक्ष ठेवायला, मनातला राग ओळखायला शिकलात तर तुमच्या श्रद्धेला धक्का लागण्याचं कारण मला दिसत नाही. उलट प्रार्थनेत मन स्थिर राहतं, असं अनेक ख्रिस्ती साधकांनी मला सांगितलं आहे. कॅथलिक चर्चने 1965 च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात बौद्ध धर्माचा नावानिशी उल्लेख करून, या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही आम्ही नाकारत नाही, असं म्हटलं. 1989 मध्ये व्हॅटिकनने ध्यानपद्धतींबद्दल बिशपांना पत्र लिहून सावधही केलं: तंत्रालाच प्रार्थना समजू नका, मनाला मिळालेली शांती म्हणजे देवाची भेट असं धरून चालू नका. ही सूचना मला रास्त वाटते, आणि प्रामाणिक बौद्ध आचार्यही शांत वाटण्याला मुक्ती म्हणत नाहीत.

प्रश्न येतो तो खोलवर गेल्यावर. विपश्यना या बौद्ध ध्यानपद्धतीचा उद्देश ‘मी’ नावाचं काही कायम नाही हे अनुभवाने पाहणं हा आहे. तिथे पोचल्यावर देवाने नावाने हाक मारलेल्या आत्म्याचं काय करायचं, हे तुम्हाला ठरवावं लागेल आणि ते दुसरं कुणी ठरवू शकणार नाही. काही शिबिरांत तेवढे दिवस आपापल्या प्रार्थना, जपमाळ बाजूला ठेवायला सांगतात. जाण्याआधी हे विचारून घ्या आणि ते तुम्हाला जमणार आहे का, ते घरीच ठरवा. बाप्तिस्मा घेतलेल्या कॅथलिक असाल तर आपल्या धर्मगुरूंशीही बोला. मैत्रिणीकडून घरी रोज वीस मिनिटं शिकायचं असेल तर एवढ्या तयारीची गरज नाही.

आणि तिच्याबरोबर एक गोष्ट जरूर करा. लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या मुलाचा दृष्टांत आणि महायानातल्या सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या चौथ्या अध्यायातली हरवलेल्या मुलाची गोष्ट एका बैठकीत वाचा. दोन्हींत घर सोडून गेलेला मुलगा भिकेला लागून परततो आणि बाप श्रीमंत आहे. लूकमधला मुलगा ‘मला तुमच्या मजुरांतला एक म्हणून ठेवा’ हे वाक्य वाटेत जुळवून आलेला असतो, पण बाप धावत जाऊन गळ्यात पडतो आणि ते वाक्य त्याला पुरं करू देत नाही. सूत्रातला मुलगा बापाला ओळखतच नाही, त्याचं वैभव पाहून घाबरून पळतो. म्हणून बाप त्याला उकिरडा साफ करणारा मजूर म्हणून कामाला ठेवतो, स्वतः अंगावरचे दागिने उतरवून मळके कपडे घालून त्याच्या शेजारी जातो, आणि वीस वर्षं हळूहळू त्याचा धीर वाढवत नेतो. मग अगदी अखेरीला सगळ्यांसमोर सांगतो, हा माझा मुलगा. वाचून झालं की कोणता बाप जवळचा वाटला आणि का, ते तिला विचारा, आणि तुमचंही सांगा.